आमची वाटचाल : धुतलेली खडी आणि कर्दळ

सोसायटीचं सांडपाणी कर्दळीच्या बेडमधून, म्हणजे कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून शुद्ध करतो म्हटलं की सुरुवातीला लोक आम्हाला माळी समजायचे. मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, "सेटलिंग टँक किती मोठी ठेवणार?" म्हणजे बेडच्या आधी गाळ खाली बसवणारी टाकी. तिथेच आमचं जुळलं.

मग आमच्याच साइटवर शिकलेल्या एका कंत्राटदाराने आमचं ड्रॉइंग उचललं आणि निम्म्या दरात कामं घेतली. दर कुठून परवडला? खडी न धुता, कचेसकट, म्हणजे दगडाच्या भुकटीसकट ओतली. दोन फूट खोल बेडमध्ये काम करतात ते खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू. पाण्याला वाट मिळाली तर. कचेने फटी बुजल्या, पाणी वर आलं, वास सुटला, डास झाले. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली चार बोटं राहिलं तर डासाला अंडी घालायला जागाच नसते! पण कमिट्यांनी ठरवलं की पद्धतच फसवी. आमच्या हातातल्या ऑर्डरी गेल्या, टेम्पो विकला, ऑफिसचं भाडं थकलं. त्या माणसाने आजतागायत एकाही सोसायटीला खरं कारण सांगितलेलं नाही. याचा राग अजून आहे.

तेव्हा काका उभे राहिले. इतर कमिट्यांना ते आमच्या बेडवर घेऊन यायचे, आउटलेटचं पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडात दाखवायचे. पाण्याची लेव्हल ठरवणारा आउटलेटचा एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला पाइप, ते स्वतः फिरवून दाखवत. त्यावरच पुन्हा कामं मिळाली.

पुढे बेडनंतर छोटं उघडं तळंही द्यायला लागलो. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, तेव्हापासून फ्लेमिंगो येतील का, असे फोन येतात. नाही येणार. त्यांना खाडीचा चिखल लागतो. तुमच्याकडे खंड्या येईल, वंचक येईल, पांढऱ्या छातीची पाणकोंबडी येईल, आणि ते पुष्कळ आहे.

नवीन काम करणाऱ्यांनी खडी साइटवर मूठभर घेऊन बादलीत घोळवावी. पाणी गढूळ झालं तर ट्रक परत पाठवा, पुरवठादार कितीही ओळखीचा असो. लायनर (पाणी झिरपू नये म्हणून तळाला घालायचं कापड) टाकण्याआधी लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही कोपरे तपासा. तळ्याकाठचं पाणकणीस एकदम कापू नका. अर्धं कापा, ते फुटलं की उरलेलं. पावसाळ्यात तर विळा लावूच नका, तेव्हा पाणकोंबडीची अंडी असतात. माळी ऐकत नसेल तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊन समजावू.