नोव्हेंबर, हयातीचा दाखला आणि आमची शिडाची बोट

अटलांटिक महासागर शिडाच्या बोटीतून पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायचा, तर निघण्याचा काळ नोव्हेंबर-डिसेंबर हा असतो. आणि महाराष्ट्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकाने आपण हयात असल्याचे कळवायचे असते तेही 1 ते 30 नोव्हेंबर याच दिवसांत. निवृत्तीनंतरची काही वर्षे बोटीवरच राहायचे, असे मी आणि पत्नीने 2023 मध्ये साताऱ्यातील आमच्या घरी बसून ठरवले, तेव्हा धास्ती होती ती वादळांची, आजारपणाची आणि पैशांची. प्रत्यक्षात मला सर्वांत जास्त दमवले ते या एका दाखल्याने, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नसल्यामुळे येथे मुख्यतः त्याविषयीच लिहीत आहे.

बाकीची तयारी बऱ्यापैकी सरळ चालली आहे. मुंबईच्या समुद्रात शीड हाताळण्याचे प्राथमिक शिक्षण झाले, पत्नीला माझ्याआधी सुकाणू जमले, घर भाड्याने देण्याचे आणि मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करण्याचे ठरले. बोट अजून घेतलेली नाही. ती घाईने घेऊ नये, असे माझे मत आहे, कारण बोट आली की बंदरात बोट उभी करण्याच्या जागेचे भाडे, रंग आणि दुरुस्ती त्याच दिवसापासून सुरू होते, मग आपण साताऱ्यात असलो तरी.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे वेळापत्रक आखायला मला फारसे कोणाला विचारावे लागले नाही. कॅरिबियन भागातील चक्रीवादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत मानतात आणि पुढे ईशान्य व्यापारी वारे स्थिरावतात; म्हणून कॅनरी बेटांवरील लास पाल्मासहून बोटी त्या सुमारास निघतात. 1986 पासून दरवर्षी तेथून एकत्र निघणारा बोटींचा मोठा ताफाही नोव्हेंबरातच नांगर उचलतो. तेथून कॅरिबियनमधील सेंट लुशिया बेट सुमारे 2,700 सागरी मैल. आमच्या ऐपतीतील तीस-बत्तीस फुटी बोट सरासरी पाच नॉट, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, वेगाने गेली, तर दिवसाला 120 मैल होतात, म्हणजे तेवीस दिवस ना टॉवर, ना बँक.

हाच हिशेब घेऊन मी मार्च 2024 मध्ये, म्हणजे आठ महिने आधी, माझे निवृत्तिवेतन जमा होते त्या बँकेच्या शाखेत गेलो. शाखेचे नाव लिहीत नाही. खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, “सर, नोव्हेंबरात या, यादी आली की सही करा.” नोव्हेंबरात मी नसेन म्हणूनच आता आलो आहे, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग डिसेंबरात या.” डिसेंबरात आल्यास मधले वेतन थांबणार का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही; चहा मात्र मिळाला. दुसऱ्या खेपेस दुसऱ्या टेबलावर मुलीला सही करू द्यावी, असा सल्ला मिळाला. मुखत्यारपत्राने मुलीला माझे घर विकता येईल, पण माझ्या वतीने जिवंत असल्याची सही करता येणार नाही, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले. तिसऱ्या खेपेस एका अनुभवी अधिकाऱ्याने परदेशातील भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्याची स्वाक्षरी चालते, अशी योग्य माहिती दिली आणि लगेच परदेशातील पत्ता मागितला. बोट, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले.

उरला डिजिटल मार्ग. जीवन प्रमाण ही आधारच्या ओळखीवर हयातीचा दाखला ऑनलाइन देणारी सोय नोव्हेंबर 2014 पासून आहे. तिच्यात पूर्वी बोटांचे ठसे लागत. तीस वर्षे खडू धरलेल्या माझ्या बोटांचे ठसे यंत्राला सापडत नाहीत, असे मला एका सेवा केंद्रात दोन तास बसल्यावर कळले. 2021 पासून मात्र मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. त्यासाठी जीवन प्रमाणचे आणि आधारच्या चेहरा-ओळखीचे अशी दोन वेगळी ॲप्स लागतात. मी आधी एकच घेतले होते आणि ॲप बिघडले आहे असे समजून चिडत होतो.

परदेशात जाऊन फसण्यापेक्षा तालीम येथेच करावी, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये आम्ही मुद्दाम बामणोलीला गेलो. शिवसागर जलाशयाच्या काठावर मोबाइलचे जाळे अधूनमधून येते आणि जाते, म्हणजे आडबाजूच्या बंदरासारखीच परिस्थिती. उन्हाकडे तोंड केले तर डोळे मिटत होते, पाठ केली तर चेहऱ्यावर सावली पडत होती. ॲप पापण्या मिटण्यास सांगत होते आणि मी मिटल्या की जाळे जात होते. अखेर होडीवाल्यांच्या शेडमध्ये उभे राहिल्यावर काम झाले, प्रमाण क्रमांकाचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, संदेश आला आणि मी त्या आनंदात पत्नीला अटलांटिक आता अर्धा पार झाला, असेही म्हणालो.

जानेवारीत मिळायचे वेतन आले नाही.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मी शाखेत सहा वेळा गेलो. यादीत माझी सही नाही, एवढेच प्रत्येक वेळी सांगितले जाई. मोबाइलमधील प्रमाण क्रमांक दाखवला की, “हे आमच्याकडे आलेले नाही,” असे उत्तर येई, आणि ते खोटेही नव्हते. चूक माझी होती. अर्ज भरताना निवृत्तिवेतन वितरित करणारी संस्था निवडावी लागते; वेतन बँकेत येते म्हणून मी बँक निवडली, माझ्या बाबतीत तेथे कोषागार, म्हणजे शासनाची ट्रेझरी, निवडायला हवे होते. पण हे वाक्य सहा खेपांत एकाही टेबलावरून कोणी उच्चारले नाही, ते मला माझ्याच शाळेतील एका निवृत्त लिपिकाने पोवई नाक्यावर उभ्याउभ्या सांगितले. दाखला नव्याने काढला आणि थकीत रक्कम पुढील वेतनाबरोबर जमा झाली. भर समुद्रात असताना हे घडले असते, तर सेंट लुशियाला पोहोचल्यावर किराणा भरतानाच आम्हाला कळले असते.

म्हणून जे माझ्यासारख्या बेतात आहेत त्यांना सांगतो की प्रमाण क्रमांक आला म्हणजे दाखला तयार झाला, तो स्वीकारला गेला असे नव्हे; आठवडाभराने पुन्हा जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर जाऊन स्थिती पाहावी. 2025 मध्ये मी 3 नोव्हेंबरलाच घरून दाखला काढला आणि स्वीकारल्याची नोंद स्वतः पाहिली. आणखी एक राहिले, ते खरे तर सर्वांत आधी सांगायला हवे होते: ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, त्यामुळे ते सिमकार्ड परदेशात चालू ठेवण्याची सोय निघण्यापूर्वीच करून घ्यावी. कॅनरी बेटे स्पेनची असल्यामुळे तेथे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम लागतो, म्हणजे कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. भूमध्य समुद्रावरील शेंगेन देशांत रेंगाळलेले दिवस त्यातच मोजले जातात, आणि वाऱ्याची वाट पाहण्यासाठी त्यांतील दोन-तीन आठवडे राखून ठेवावे लागतात. केंद्र शासनाच्या 80 वर्षांवरील निवृत्तांना दाखला 1 ऑक्टोबरपासून देता येतो, पण मी 60 वर्षांचा असल्याने त्या सवलतीसाठी थांबण्याचा विचार सोडून दिला आहे.

आमच्या नियोजनाच्या वहीत लास पाल्मासहून निघण्याच्या तारखेची जागा अजून रिकामी आहे, तेथे पत्नीने पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे, “दाखला स्वीकारल्याचे दिसल्यानंतर, वारा पाहून.”