भागीदारीपत्राआडचे भाडे

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात घरमालक आणि भाडेकरूंचे दावे चालवताना मला सर्वांत अवघड वाटते ते पोटभाड्याचे प्रकरण, कारण असा व्यवहार मालकाच्या नकळत होतो आणि कागदावर त्याला दुसरेच नाव दिलेले असते. राजवाड्याजवळच्या एका दुकानाच्या दाव्यात ते नाव होते भागीदारी. माझ्या पक्षकार काकूंना त्या दुकानाचे महिन्याला सहाशे रुपये मिळत. मूळ भाडेकरू तेथे दिसेनासे झाले होते आणि गल्ल्यावर भलतेच गृहस्थ बसत होते.

मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १४ प्रमाणे पोटभाडेकरू ठेवण्यास मालकाची लेखी पूर्वसंमती लागते, आणि ती नसेल तर कलम १२ खाली जागा रिकामी करून मागता येते. मात्र दुसरा माणूस गल्ल्यावर दिसला एवढ्याने पोटभाडे सिद्ध होत नाही. भागीदारी खरी असेल आणि भाडेकरूने ताबा सोडला नसेल, तर दावा टिकत नाही.

उलटतपासणीत मी मूळ भाडेकरूंना किल्ल्या, गुमास्ता परवाना आणि बँकखात्यावरील सह्या यांविषयी विचारले. उत्तरे सावध आली. मग मी विचारले, "२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद होते, तेव्हा आपल्या वाट्याला किती तोटा आला?" ते वृद्ध गृहस्थ तत्काळ म्हणाले, "तोट्याशी माझा काय संबंध? मला दरमहा दहा हजार ठरलेले आहेत." न्यायाधीशांनी ते उत्तर जसेच्या तसे नोंदवून घेतले. नफा-तोट्याशी संबंध नसलेली ठरावीक रक्कम घेणारा भागीदार कसला?

पुढे त्यांनी आपणहून सांगितले की, काकूंच्या दिवंगत यजमानांनी या व्यवस्थेला तोंडी होकार दिला होता. बाहेर आल्यावर काकू मला म्हणाल्या, "म्हणाले असतील हो, ते तसेच होते." कायदा लेखी संमतीच मागतो आणि ते योग्य आहे असे मला वाटते, कारण गेलेल्या माणसाचा शब्द ना सिद्ध करता येतो, ना खोडता येतो, तरीही त्या गृहस्थांना लबाड म्हणायला माझे मन धजावले नाही.

न्यायालयाने ती रक्कम भाडेच मानून दुकान रिकामे करण्याचा हुकूमनामा दिला. काकूंनी मात्र अंमलबजावणीची घाई करू दिली नाही. दिवाळीचा हंगाम होईपर्यंत दोघांनाही त्रास द्यायचा नाही, असे त्यांनी मला बजावले.