डॅमरॉप्सिस बियांपासून: जानेवारीची नोंद, नागपूर

जुलैत पेरलेल्या रोपांची पानं आता तळहाताएवढी झाली आहेत आणि शिरांच्या मधल्या घड्या बोटांना लागतात. फायकस डॅमरॉप्सिस या अंजीर कुळातल्या झाडाची ओळख पटायला ही पहिली भरवशाची खूण. अंजीर कुळातलं बी बहुतेक एकसारखंच दिसतं, म्हणून घड्या दिसेपर्यंत पट्टीवर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावं.

पेरणी जुलैतच का? हे झाड न्यू गिनीच्या डोंगराळ भागातलं, साधारण 850 ते 2,750 मीटर उंचीवरचं. त्याच्या घरच्या हवेला सगळ्यात जवळचे आपले महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात उगवलेलं रोप हिवाळाभर वाढतं आणि मे गाठेपर्यंत त्याची मुळं कुंडीच्या तळाशी पोचलेली असतात. फेब्रुवारीत पेरलं तर रोप दोन-चार पानांवर असतानाच ऊन तापतं. त्याची मुळं वरच्या इंचभरात असतात आणि नेमका तोच थर एका दुपारीत कोरडा होतो. आमच्या मते नागपुरात या झाडाचा निकाल पेरणीच्या महिन्यावरच लागतो.

बी कुठून आणायचं, हा प्रश्न वेगळाच. या जातीत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, आणि मादी फळात बी धरतं ते सेराटोसोलेन अ‍ॅबनॉर्मिस या बारक्या गांधीलमाशीमुळे. ती माशी आपल्याकडे नाही, म्हणून इथल्या बागेतल्या झाडाला फळ आलं तरी त्यातून रोप मिळणार नाही. बाहेरून मागवताना आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. विनाकागदाचं पाकीट घेऊच नये. महागडं बी हाताळण्याआधी उंबराच्या पिकल्या फळाच्या बियांवर हात बसवून घ्यावा. उंबर याच उपवंशातला आहे. गर चहाच्या गाळणीत धुवायचा, बी पाण्यात टाकायचं. तरंगणारं बहुतेक पोकळ असतं, बुडलेलं ठेवायचं.

पेरणीसाठी मिठाईचा पारदर्शक डबा, तळाला आठ-दहा भोकं. आत 5 सेंमी मिश्रण: तीन पाण्यांनी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 2 भाग, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) 1 भाग. ओलसर करून कुकरमध्ये अर्धा तास वाफवायचं. गांडूळखत यात अजिबात नको. त्याने हिरवं शेवाळ माजतं आणि मिलिमीटरभराचं बी त्याखाली गुदमरतं. बी वरच भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही, कारण उगवायला उजेड लागतो. डबा भोकांपर्यंत पाण्यात ठेवून खालून ओलवायचा. वरून फवारलं की सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. तापमान 24 ते 28 अंश, पांढरी एलईडी ट्यूब 20-25 सेंमी वर, 12 ते 14 तास. उगवण दोन ते सहा आठवड्यांत, तीही एकदम नाही, तुरळक तुरळक.

पावसाळ्यातला मोठा शत्रू म्हणजे रोपमर. देठ जमिनीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. कारण कोंडलेली हवा. झाकण रोज थोडा वेळ उघडायचं, आडवं पडलेलं रोप भोवतालच्या मिश्रणासकट चमच्याने काढून टाकायचं. चिलटं दिसली तर वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यायचा आणि पिवळे चिकट कार्ड लावायचे.

तीन-चार खरी पानं आली की आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने 3 इंची कुंडीत. धरायचं पानाला, देठाला नाही. पान गेलं तर नवं येतं. काळी माती कुंडीत नकोच, ती सुकली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. कोकोपीट 2, पानांचं कुजलेलं खत 1, जाड रेती 1, गांडूळखत अर्धा भाग.

सध्या लक्ष पाण्यावर आहे. बोअरच्या जड पाण्याने नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात: लोहाची कमतरता. अशा पाण्यात ईडीटीए प्रकारचं लोहखत फारसं टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं लोह 1 ग्रॅम लिटरला, मुळाशी. आरओचं टाकाऊ पाणी आणि कूलरच्या टाकीतलं पाणी दोन्ही वर्ज्य, क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

एप्रिलपासून रोपं कूलरच्या खोलीत, झोतापासून बाजूला. थेट वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली जागा ओल्या रेतीने भरायची, मुळं थंड राहतात. पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) आहे का ते आठवड्यातून दोनदा भिंगाने बघायचं. नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) कोरडा असतो, त्यात कूलर साथ देतो. खरा कठीण काळ त्यानंतरचा, पाऊस लांबला आणि हवेत दमटपणा भरला की कूलर गारवा देत नाही. तेवढ्या दिवसांत खत बंद, पाणी सकाळीच, आणि कुंडी बदलायचं काम पाऊस लागल्यावर.