वानर वरून, घूस खालून

नागपुरात परसबाग करणाऱ्याने आधी वर बघावं, मग पायाखाली. वानर कडुलिंबावरून येतं, घूस जमिनीतून. मधल्या साडेचार फुटी कंपाउंडची अडचण होते ती फक्त दूधवाल्याला.

2023 च्या जी-20 परिषदेआधी दिल्लीत लाल तोंडाच्या माकडांना पळवायला वानरांचे कटआउट उभे केले होते. आपल्याकडे ती सोय नाही, कारण इथे येणारा पाहुणा काळतोंड्याच. स्वतःच्या फोटोला तो कशाला भिईल? जुन्या सीडी, चमकत्या पट्ट्या, रबरी साप यांचा धाक थोडेच दिवस टिकतो. तीन-चार दिवसांनी त्यांची जागा बदलत राहिलं तर जरा जास्त. नाहीतर ज्या काठीला सीडी बांधली तिच्याशेजारीच बसून टमाटर खाल्लं जातं.

म्हणून भीती घालण्यापेक्षा वाट अडवणं स्वस्त पडतं. वानर बारा-पंधरा फुटांची उडी सहज मारतं, तेव्हा स्लॅबवर आलेल्या फांद्या आधी छाटाव्यात. फांदी मोठी असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारून. चार फूट रुंद वाफ्यावर दर तीन फुटांनी एक कमान करावी. त्यासाठी अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा सात फुटी तुकडा पुरतो. दीड फुटी सळया अर्ध्या जमिनीत ठोकून पाइपाची टोकं त्यांवर चढवली, की वर हिरवी शेडनेट. पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) यांना एवढं पुरे. एप्रिल-मेच्या उन्हात सावलीही मिळते. पावसाळ्यात मात्र तिच्याखाली रोपं उंच आणि लुकडी होतात, तेव्हा पांढरी जाळी लावावी. मासेमारीची बारीक नायलॉन जाळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात धामण अडकून मरते, आणि उंदीर फुकटात खाणारी तीच एक.

खरा पैसा घुशीवर खर्च करावा. कोंबडीजाळी ती कुरतडते. इतवारीतल्या लोहाओळीत अर्धा इंची चौकटीची, तीन फूट रुंद वेल्डमेश मागा. दीड फूट वर ठेवायची, एक फूट जमिनीत, आणि उरलेलं अर्धा फूट तळाशी बागेच्या बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडायचं. घूस कुंपणाला टेकूनच उकरायला लागते. खाली जाळी आडवी आली की मागे सरकून खणायचं तिला सहसा सुचत नाही. आपली काळी माती मात्र इथे दगा देते. उन्हाळ्यात ती फाटते आणि जाळीलगत भेगा पडतात, पावसात फुगून खांब तिरके करते. चर बुजवताना मातीऐवजी मुरूम ठोकून भरला तर हा ताप बराच वाचतो.

मिरचीच्या पाण्याचं कौतुक जरा जास्तच होतं. तरी करायचंच तर 50 ग्रॅम भिवापुरी तिखट आणि आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा. गार झाल्यावर फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा. दुपारी मारलं तर पानं करपतात. पाऊस पडला की सगळं धुऊन जातं. शिवाय पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही, त्यामुळे गोरेवाड्याकडच्या मोरांना हा मसालेदार पालाही चालतो.

हिंगणा, काटोल रोडकडच्या प्लॉटवर रानडुक्कर येतं. तिथे शेतकऱ्यांसारखं जुन्या नायलॉन साड्यांचं कुंपण करावं. खालचा काठ खुंट्यांनी जमिनीला घट्ट हवा, वीतभर फट राहिली तर डुक्कर तिथूनच घुसतं. कुंपणात विजेचा करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मरतात.

उष्टं-खरकटं खताच्या खड्ड्यात टाकू नये, झाकणाचा ड्रम वापरावा. आणि शेजारी दर शनिवारी कंपाउंडवर वानरांसाठी केळी ठेवत असतील, तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. जाळी नंतर आणली तरी चालेल.