न वाळणारा टॉवेल

माझी थोरली बहीण दादरला राहते आणि मी पुण्यात. जुलै महिन्यात तिच्याकडे मुक्काम पडला, की सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल रात्रीही हाताला दमटच लागतो, दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो, आणि बरणीत तांदळाचे दाणे टाकूनही मीठ चमच्याला चिकटायचे ते चिकटतेच. तोच टॉवेल मे महिन्यात माझ्या गच्चीवर तासाभरात पापडासारखा कडक होतो. दोन्ही शहरे एकाच राज्यातली, अक्षांशांत फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा, आणि रेल्वेने अंतर १९२ किलोमीटर.

पुणे उंचावर आहे म्हणून तिथली हवा निराळी, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. समुद्रसपाटीपासून पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आहे, आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हा हिशेब धरला तर पुणे मुंबईपेक्षा बारा महिने साडेतीन अंशांनी थंड असायला हवे. प्रत्यक्षात एप्रिलमधल्या दुपारी पुण्यात पारा ३८ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा मुंबईत तो ३३च्या आगेमागे रेंगाळतो. (पुण्याच्या हवेचे गोडवे गाताना आम्ही पुणेकर हा महिना सोयीस्करपणे वगळतो.) उंचीच्या हिशेबावर मात करतो तो समुद्र. पाणी एक अंशाने तापवायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या जवळजवळ पाचपट उष्णता लागते. त्यामुळे दुपारी समुद्र जमिनीपेक्षा थंड राहतो, त्याच्यावरून येणारे खारे वारे मुंबईला फार तापू देत नाहीत, आणि रात्री तोच समुद्र तिला फार निवूही देत नाही. पुण्याची कोरडी हवा मात्र दिवसभर साठलेली ऊब रात्री निरभ्र आकाशाकडे जाऊ देते, म्हणून जानेवारीच्या पहाटे इथे शाल शोधावी लागते आणि दादरला पंखा चालू असतो.

पावसाची गोष्ट वेगळी, आणि ती आगगाडीच्या खिडकीतून सर्वांत चांगली समजते. पावसाळ्यात संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईहून निघावे. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन लागते आणि ती बोगद्यांमागून बोगदे ओलांडत घाट चढू लागते. गाडीबरोबर नैऋत्येचा वाराही सह्याद्री चढत असतो. वर जाताना तो निवतो आणि त्यातल्या बाष्पाचे पाणी होते. म्हणून खंडाळा-लोणावळ्याला डब्याच्या छपरावर ताशा वाजल्यासारखा पाऊस असतो. तिथून गाडी पूर्वेकडे धावू लागली की पाऊस पातळ होत जातो, आणि तळेगाव मागे पडेपर्यंत खिडक्यांच्या काचा बहुधा कोरड्या झालेल्या असतात. घाट ओलांडलेला वारा पठाराकडे उतरताना पुन्हा ऊबदार होतो, आणि जे पाणी त्याच्याजवळ उरलेले असते तेही सहजासहजी सोडत नाही. मुंबईला वर्षाकाठी सुमारे २,२०० मिलिमीटर, लोणावळ्याला चार हजारांहून अधिक आणि पुण्याला सातशे-साडेसातशे अशी ही वाटणी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, म्हणजे पुण्याच्या सरासरी वर्षापेक्षाही जास्त. गंमत अशी, की त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत शंभर मिलिमीटरही पाऊस नोंदला गेला नाही. एका शहराचीही हवा एक नसते ती अशी.

बहीण उन्हाळ्यात पुण्याला आली, की ओठ फुटतात म्हणून तक्रार करते आणि मुंबईच्या घामाची आठवण काढते. श्रावणात मात्र ती हटकून येते. दारात पाऊल टाकताच पिशवीतून निम्मे वाळलेले टॉवेल आणि मुलांचे गणवेश काढते, आणि चहाच्या आधी माझी गच्ची मोकळी आहे का ते विचारते.