लाकडी इंजिनाचं मूळ गाव

रविवार, लातूर.

आज दिवसभर हातात एकच वस्तू होती, ते सागवानी इंजिन. संभाजीनगरच्या जुन्या बाजारात घेतलं तेव्हा विकणारे चाचा म्हणाले होते, "निजामाच्या रेल्वेचं आहे, नांदेडकडून आलंय." मनमाड-सिकंदराबाद लाईन निजामाच्या काळातली, मीटरगेज म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची, त्यामुळं मलाही ते पटलं होतं. आज मात्र उन्हात अंगणात पालथं घातलं आणि चाकं मोजली.

एका बाजूला चार मोठी चाकं, लोखंडी पट्टीनं एकमेकांना जोडलेली. त्यांच्या मागं दोन छोटी. पुढं एकही छोटं चाक नाही. मागं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा नाही, तो जोडायला आकडाही नाही. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना. लांब पल्ल्याची मीटरगेज इंजिनं असा टेंडर मागं ओढत धावायची. ही ठेवण त्यांची नव्हे. ही आपल्या बार्शी लाईट रेल्वेची!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची ही लाईन आखली. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली आणि 1911 साली ती लातूरला पोचली. रूळ हलके, म्हणून एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, हा त्याचा दंडक. तरीही ताकदवान इंजिन हवं, मग वजन जास्त चाकांवर वाटून दिलं. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना म्हणूनच दोन्ही बाजूंची मिळून एकमेकांना जोडलेली आठ मोठी चाकं आणि मागं चार छोटी होती. माझ्या हातातल्या लाकडात तोच हिशेब उतरलाय.

दुपारी आत्या आली. तिचं माहेर लातूरजवळच्या मुरूडचं, रूळ घरामागूनच जायचे. तिनं चष्मा लावला, चाकावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाळा, हे ऐकीव माहितीवर केलेलं नाही. इंजिनापाशी उभं राहून बघितलंय त्यानं."

मलाही तेच वाटतं. बॉयलर कातून गुळगुळीत केलाय, पण तळाला पटाशीचे घाव तसेच. खिळे लोहारी, चौकोनी डोक्याचे. लेकराच्या खेळण्यात टाक्यांवरच्या रिव्हेटा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, कोण कोरतं? त्यानं एकेक टिंब ओळीनं कोरलंय, आणि डाव्या बाजूला जागा संपत आल्यावर टिंबं दाटीनं बसवलीत. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

कुर्डुवाडीला या लाईनचा वर्कशॉप होता. तेव्हाच्या डब्यांत लाकूडकाम असायचं, म्हणजे सुतारांना तिथं हाताला काम. हे इंजिन अशाच एखाद्या सुताराचं असावं, असा माझा कयास आहे. 1897 च्या आधीचं ते नाही, एवढं मात्र चाकांवरून नक्की सांगता येतं.

रंग द्यायचा नाही, पॉलिशही नको. वाळवीचं औषध तेवढं लावायचं. दिवाळीनंतर हे घेऊन कुर्डुवाडीला जायचं, जुन्या सुतारांच्या घरी दाखवायचं. आत्याही येते म्हणाली.