शेवटच्या गाडीला कसला ट्रॅक मिळतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आम्ही हौशी ऑटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटारींची शर्यत, भरवली की दुपारी हातात हेल्मेट घेऊन कुणीतरी येतंच: "सकाळच्या गाड्यांना ओलसर, दाबलेला ट्रॅक आणि आमच्या वाट्याला हा फुफाटा?"

खरं आहे. मातीवर सगळ्यांना एकच ट्रॅक देता येत नाही. गाड्या एकेक करून सुटतात, प्रत्येकीची वेळ मोजली जाते आणि प्रत्येक गाडी वळणावरची थोडी माती उकरून बाहेरच्या कडेला फेकते. पण म्हणून शेवटचा नेहमी तोट्यात असतो असं नाही. कोरड्या मुरमावर सैल खडीचा थर असेल तर मार पहिल्याला बसतो, तो मागच्यांसाठी रस्ता झाडत जातो. जागतिक रॅली अजिंक्यपदात गुणांमध्ये आघाडीवर असलेला चालक पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी निघतो, आणि खडीच्या रस्त्यांवर तोही हेच रडगाणं गातो. चिखल असला की गणित उलटतं. मग पहिला फायद्यात राहतो आणि मागच्यांच्या वाट्याला खोल चाकोऱ्या येतात.

त्यामुळे आमचा एकच नियम. निकाल गटागटाने लागतो, म्हणून डागडुजीही दोन गटांच्या मध्येच. गट सुरू झाला की मोठा दगड वर आला किंवा धोका दिसला तरच ट्रॅकला हात लावायचा. मध्येच चाकोरी बुजवली तर पुढच्या गाडीला आपणच सेकंद बहाल केल्यासारखं होतं. हलक्या, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असलेल्या गाड्या आधी सोडायच्या, जिप्सी-थार शेवटी, कारण त्यांचे खोल नक्षीचे टायर जमीन खणून काढतात. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा आणि दोन्हींतली चांगली वेळ धरायची. पूर्ण न्याय यातूनही होत नाही, पण कुणाला मुद्दाम नाडलं असं म्हणता येत नाही.

खरी डोकेदुखी पाण्याची. लोकांना वाटतं, टँकर आणला की झालं. पाणी आदल्या संध्याकाळी, हळूहळू, मुरेल असं मारावं लागतं. सकाळी जमीन वाफशावर हवी, मुठीत दाबली तर ढेकूळ होईल आणि बोटाने ढकललं तर फुटेल इतपत. भर दुपारी वरवर शिंपडलं तर खाली कोरडं टणक आणि वर निसरडी साय. स्टिअरिंग वळवावं आणि गाडीने सरळ जावं! त्यापेक्षा धुरळा परवडला. तो खाली बसेपर्यंत पुढच्या गाडीला झेंडा दाखवायचा नाही, एवढं सांभाळलं की झालं. प्रेक्षक कंटाळतात, कंटाळू देत. तेही नेमके वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहायला बघतात, जिथे घसरलेली गाडी हमखास येते, त्यामुळे दोरी आणि मार्शल आधी तिथे लागतात.

जागा निवडतानाच अर्धं काम होतं. मुरमाड माळ उत्तम. काळ्या मातीच्या वाटेला जाऊ नये. ती पाणी पिऊन फुगते, चाकाच्या कमानीत भरते, आणि वाळली की भेगाळते. पाऊस सरल्यावरचे दिवस सगळ्यांत बरे, कारण जमिनीत ओल असते आणि टँकरच्या खेपा वाचतात.

"मग गोव्यात भर पावसात कसं चालतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. २०१४पासून तिथे रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा होते, पण तो खेळच वेगळा. तिथे चिखल मुद्दाम हवा असतो, विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, लावून गाडी ओढून काढणं हा परीक्षेचाच भाग. आमच्याकडे शतांश सेकंदांवर निकाल फिरतो.

तुमचा नंबर शेवटचा असेल तर गट सुरू होण्याआधी ट्रॅकवर पायी चक्कर मारा. मीही येतो. कुठली चाकोरी खोल होणार आणि बाहेरच्या कडेला खडी कुठे साचणार, हे चालताना बरंचसं कळतं. काही खटकलं तर तेव्हाच बोला, जेसीबी उभाच असतो. वेळ जाहीर झाल्यावर आलात तर चहा मिळेल.